यंत्रास न दिसणारीं अशुद्धें

एका अक्षराच्या फरकानें केवढा अनर्थ होऊं शकतो, हें महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाशीं ‘ध चा मा’ केल्याची जी कथा परंपरेनें जोडलेली आहे, ती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न वेगळा; परंतु त्या कथेनें आपल्या भाषेस एक वाक्प्रचार दिला आणि लिहिणाऱ्याच्या मनांत अक्षराविषयीं एक धास्तीही उत्पन्न केली. आज आम्ही ज्या अशुद्धांचा इतिहास वाचकांपुढें ठेवणार आहों, तीं वरवर पाहतां अगदीं उलट प्रकारचीं आहेत. त्यांच्यामुळें कोणाचा प्राण जात नाहीं, आणि ज्या यंत्रासाठीं तें लेखन केलेलें असतें त्या यंत्रास तर त्यांचा पत्ताही लागत नाहीं. जगांतील संगणकांस एकमेकांशीं जोडणारे जे प्रोग्रॅम आहेत, त्यांच्या मूळ लेखनांत मधून मधून इंग्रजी टिपणें असतात. त्या टिपणांतील स्पेलिंगच्या चुका हा तो विषय होय. या चुका सुधारण्यासाठीं कित्येक माणसें अनेक वर्षें परिश्रम करीत आलीं आहेत, आणि ते परिश्रम योग्य कीं वायफळ यावर जाणत्या मंडळींत वादही झाला आहे. एवढ्या क्षुल्लक गोष्टीस इतिहास तो काय असावयाचा, असें कोणी म्हणेल. परंतु लेखन हें कोणासाठीं असतें, या फार जुन्या प्रश्नाचा निकाल एका अगदीं नव्या विद्येच्या कोपऱ्यांत कसा लागत आहे, तें या इतिहासांत दिसतें. म्हणून तो सांगण्यासारखा आहे.

आरंभीं संज्ञांचा थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकानें काय करावें हें ज्या लेखांत सांगितलेलें असतें, त्यास सोर्स कोड म्हणतात. आपण त्यास मूळ संहिता म्हणूं. ही संहिता कडक नियमांनीं बांधलेल्या भाषेंत लिहितात, आणि कंपायलर नांवाचा दुसरा एक प्रोग्रॅम तिचें यंत्राच्या आकडी भाषेंत रूपांतर करितो. संहितेंत एखादें विरामचिन्ह चुकलें तरी कंपायलर अडून बसतो. परंतु तिच्यांतच ठिकठिकाणीं लेखकानें साध्या इंग्रजींत कांहीं मजकूर लिहिलेला असतो. त्यास कॉमेंट, म्हणजे टिपण, असें नांव आहे. टिपणाची ठरलेली खूण दिसतांच कंपायलर तेवढा भाग सोडून पुढें जातो. ही सोय जुनी आहे. आयबीएम कंपनीनें १९५७ मध्यें फोर्ट्रान ही भाषा बाहेर काढली, तेव्हां एकेक ओळ भोंकें पाडलेल्या एकेका कार्डावर असे. कार्डाच्या पहिल्या रकान्यांत ‘सी’ हें अक्षर असलें कीं तें कार्ड केवळ माणसांच्या माहितीसाठीं आहे असें यंत्रानें समजावयाचें. आपल्या शास्त्रग्रंथांत सूत्र आणि भाष्य यांचें जें नातें आहे तेंच येथें संहिता आणि टिपण यांचें होय. फरक इतकाच कीं येथें सूत्रकार आणि भाष्यकार बहुधा एकच असतो.

या भाष्यावांचून अडतें काय? यंत्राचें कांहीं अडत नाहीं. माणसाचें फार अडतें. संहिता काय करावयाचें तें सांगते, कां करावयाचें तें सांगत नाहीं. एक उदाहरण घेऊं. इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून पाठवितात. पुडकें पोंचल्याची पावती कांहीं वेळांत न आल्यास तें पुनः पाठवावें, असा टीसीपी नांवाच्या नियमावलीचा दंडक आहे. पण किती वेळ वाट पाहावी? ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले येथील विद्यापीठ या केवळ चारशें यार्डांच्या अंतरावरील दोन ठिकाणांमधील दळणवळण सेकंदास ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरलें. वाट तुंबलेली असतांही यंत्रें घाईघाईनें तींच पुडकीं पुनः पुनः पाठवीत होतीं, हें त्याचें एक मोठें कारण होतें. व्हॅन जेकबसन यांनीं यावरील उपाय १९८८ मध्यें प्रसिद्ध केले, आणि बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालींत ते समाविष्ट झाले. त्या संहितेंत पुडक्याच्या जाण्यायेण्यास लागणाऱ्या वेळाची सरासरी आठपट करून सांठविलेली आहे. आठपटच कां, हें नुसत्या संहितेवरून नवख्यास उमगणें कठीण आहे. शेवटचे तीन द्विमान अंक अपूर्णांकासाठीं राखलेले आहेत, हें टिपणांत वाचलें म्हणजे कोडें उलगडतें. डोनाल्ड नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञानें १९८४ मधील आपल्या एका निबंधांत असें मत मांडलें कीं, प्रोग्रॅम लिहितांना मुख्य दृष्टि यंत्रास हुकूम देण्याची नसून माणसास समजावून सांगण्याची असावी. त्या दृष्टीनें पाहिलें असतां टिपण हा संहितेचा फालतू भाग ठरत नाहीं.

जाळ्याच्या इतिहासांत माणसांनीं माणसांसाठीं केलेल्या लेखनास पहिल्यापासूनच मान आहे. अमेरिकेंतील अर्पानेट हें आजच्या इंटरनेटचें पूर्वरूप. त्याची जुळवाजुळव चालू असतां ७ एप्रिल १९६९ रोजीं स्टीव्ह क्रॉकर या तरुण विद्यार्थ्यानें सहकाऱ्यांसाठीं एक पत्रक काढलें, आणि आपण अधिकारवाणीनें बोलत आहों असा कोणाचा ग्रह होऊं नये म्हणून त्यास ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, अर्थात् ‘अभिप्रायाची विनंती’, असें नम्र नांव दिलें. आरएफसी या आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी ही पत्रकमाला आज नऊ हजारांच्या पलीकडे गेली आहे, आणि जाळ्याचे बहुतेक नियम तिच्यांतच ग्रथित आहेत. जॉन पोस्टेल यांनीं आपल्या निधनापर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९९८ पर्यंत, तिचें संपादन निष्ठेनें केलें. या मालेचा एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. एकदां प्रसिद्ध झालेल्या पत्रकांत पुढें काना-मात्रेचाही बदल करावयाचा नाहीं. चूक आढळली तर ती तपासून वेगळ्या शुद्धिपत्रांत नोंदवितात. मूळ पत्रक शिलालेखाप्रमाणें जसेंच्या तसें राहतें.

संहितेची रीत याच्या उलट आहे. ती वाहत्या नदीसारखी नित्य बदलत असते. १९९१ मध्यें लिनस टॉरव्हॉल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली घ्या. तिची मूळ संहिता कोणासही वाचतां येते आणि कोणासही तींत सुधारणा सुचवितां येते. तिच्यांतील जालविभाग रॉस बायरो, फ्रेड व्हॅन केम्पेन, अॅलन कॉक्स अशा मंडळींनीं पहिल्या कांहीं वर्षांत उभा केला, आणि त्या फायलींच्या माथ्यावर एक लांबलचक टिपण अद्याप आहे: आरंभीं कर्त्यांचीं नांवें, त्यांखालीं कोणी कोणता दोष काढला याची एकेका ओळींत नोंद. आमच्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध होत आले आहेत. हा एका संहितेचा कुलवृत्तांतच म्हणावयाचा. पुढें ही नोंद ठेवण्याचें काम यंत्राकडे गेलें. टॉरव्हॉल्ड्स यांनींच एप्रिल २००५ मध्यें गिट नांवाचें साधन तयार केलें. त्याच्या साहाय्यानें संहितेची कोणतीही ओळ शेवटीं कोणी, केव्हां व कशासाठीं बदलली तें दाखवितां येतें. प्रत्येक सुधारणेस पॅच, म्हणजे ठिगळ, असें म्हणतात. आणि २००४ पासून लिनक्समध्यें अशी वहिवाट आहे कीं, ठिगळ एका अक्षराचें असलें तरी त्याखालीं देणाऱ्यानें आपलें नांव घालून जबाबदारी पतकरावी.

अशा या संहितेंत अशुद्धें शिरतात कशीं? पहिलें कारण घाई. लेखकाचें सारें लक्ष यंत्र चालतें कीं नाहीं याकडे असतें. टिपण तो जातां जातां लिहितो, आणि कंपायलर तें तपासीत नसल्यामुळें चूक अंगाशीं येण्याची भीति नसते. दुसरें कारण असें कीं, हें लेखन करणारे लोक पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पसरलेले आहेत. इंग्रजी ही टिपणांची भाषा असली तरी लिहिणाऱ्यांपैकीं कित्येकांची ती मातृभाषा नव्हे. शिवाय तिचें स्पेलिंग तिच्या जन्मजात भाषिकांसही चकविणारें आहे. ‘रिसीव्ह’ या शब्दांत ‘ई’ आधीं कीं ‘आय’ आधीं, ‘सेपरेट’ या शब्दांत ‘पी’ पुढें ‘ए’ कीं ‘ई’, हे प्रश्न आमच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या छड्या खाण्यास कारण झाले आहेत. जालसंहितेंत तर ‘रिसीव्ह’ हा शब्द पावलोपावलीं येतो, कारण पाठविणें आणि घेणें याशिवाय तिला दुसरा धंदाच नाहीं. तिसरें कारण नकलेचें. एका यंत्रभागासाठीं लिहिलेली फाइल दुसऱ्यासाठीं उतरून घेऊन थोडी बदलावयाची, हा सर्रास शिरस्ता आहे. आणि मग जुन्या लेखकूंच्या ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ या न्यायानें चुकलेलें टिपणही एका फाइलींतून दुसरींत जातें आणि तेथें वंशविस्तार करितें.

चूक टिपणांत राहिली तर ती केव्हांही काढतां येते. परंतु हीच चूक यंत्रें एकमेकांशीं ज्या शब्दांनीं बोलतात त्यांत शिरली तर काय होतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. वेबवरील एका पानावरून आपण दुसऱ्या पानावर गेलों म्हणजे आपला संगणक त्या दुसऱ्या पानाच्या यंत्रास, आपण कोठून आलों, तें एका ओळींत कळवितो. फिलिप हॅलम-बेकर यांनीं ही सूचना मांडतांना त्या ओळीस ‘रेफरर’ असें नांव दिलें. पण इंग्रजींत त्या शब्दाच्या मध्यें ‘आर’ हें अक्षर जोडीनें पाहिजे, तें त्यांनीं एकदांच लिहिलें. मार्च १९९५ मध्यें या स्पेलिंगचा प्रश्न निघाला, तेव्हां नियमावलीचे एक कर्ते रॉय फील्डिंग यांनीं असें दाखवून दिलें कीं, युनिक्समधील शब्दतपासनीस शुद्ध आणि अशुद्ध हीं दोन्हीं रूपें ओळखीत नाहीं! तोंपर्यंत तें अशुद्ध रूप अनेक प्रोग्रॅमांत रुजलें होतें. मे १९९६ मध्यें आरएफसी १९४५ हें पत्रक निघालें त्यांत तें तसेंच आलें. १९९९ मधील पुढच्या पत्रकांत, शब्द चुकलेला आहे असें मान्य करून तोच कायम ठेवला. आणि जून २०२२ मधील आरएफसी ९११० मध्येंही त्यापुढें, मूळांतच असें आहे, असें सांगणारी खूण करून तो चालविला आहे. पुढें याच ओळीचें नियमन करणारा एक नवा नियम झाला, त्यांत मात्र तो शब्द शुद्ध लिहिला गेला. येणेंप्रमाणें एकच शब्द एकाच नियमसंग्रहांत दोन रूपांनीं नांदतो आहे, आणि नवशिक्यानें दोन्हीं पाठ केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

असेंच दुसरें उदाहरण युनिक्समधील नवी फाइल निर्माण करण्याच्या आज्ञेचें. ‘क्रिएट’ या शब्दाच्या शेवटचें ‘ई’ तिच्यांत गाळलेलें आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांस, ही प्रणाली पुनः रचावयाची झाल्यास आपण काय बदलाल, असें विचारलें असतां, त्या शब्दास ‘ई’ जोडीन, असें त्यांनीं उत्तर दिल्याची गोष्ट सांगतात. उत्तर विनोदाचें खरें. पण त्यांतील मर्म असें कीं, आज्ञेचा कर्ता देखील ती आज्ञा नंतर बदलूं शकला नाहीं, कारण असंख्य प्रोग्रॅम तिच्यावर विसंबून राहिले होते. म्हणजे चुकांचे दोन वर्ग झाले. जी चूक यंत्र वाचतें ती कांहीं काळानें नियम बनते. जी केवळ माणूस वाचतो ती सदैव सुधारतां येते. टिपण हेंच संहितेंतील असें क्षेत्र आहे कीं जेथें शुद्धीचा मार्ग कधींही बंद होत नाहीं. तेथेंही अशुद्ध राहूं दिलें, तर त्यास निरुपायाची सबब उरत नाहीं.

चुका हुडकण्यास यंत्राचेंच साहाय्य घ्यावें ही कल्पना साहजिकच सुचली. लेस अर्नेस्ट यांनीं १९६१ मध्यें दहा हजार शब्दांच्या यादीशीं ताडून पाहणारा प्रोग्रॅम रचला होता. राल्फ गोरिन यांनीं १९७१ मध्यें स्टॅनफर्ड येथें त्याहून समर्थ तपासनीस तयार केला. बेल प्रयोगशाळेंत स्टीव्ह जॉन्सन यांनीं १९७५ मध्यें एका दुपारींत युनिक्ससाठीं ‘स्पेल’ हा प्रोग्रॅम लिहिला, आणि डग्लस मॅकिलरॉय यांनीं पुढें तीस हजार शब्दांचा कोश त्या काळच्या यंत्राच्या अवघ्या ६४ किलोबाइट स्मृतींत बसविण्याची किमया केली. या सर्वांचें तत्त्व एकच: शुद्ध शब्दांची यादी जवळ ठेवावयाची, आणि तींत न सांपडणारा प्रत्येक शब्द संशयित धरावयाचा. ग्रंथासाठीं तें ठीक आहे. संहितेंत मात्र त्याची पंचाईत होते; कारण तेथें निम्मे शब्द मनानें बनविलेलीं संक्षिप्त नांवें असतात, आणि मग तपासनीस गांवांतल्या प्रत्येक अनोळखी पाहुण्यास चोर म्हणून धरूं लागतो.

यावर जी युक्ति निघाली ती साधी पण मार्मिक आहे. शुद्ध शब्दांची यादी न ठेवतां नेहमीं होणाऱ्या अशुद्धांचीच यादी ठेवावयाची, आणि प्रत्येकापुढें त्याचें शुद्ध रूप लिहावयाचें. पाटलानें साऱ्या गांवाची खानेसुमारी करण्याऐवजीं माहितगार चोरांचीच वही जवळ ठेवावी, तसा हा प्रकार. लुकास दे मार्ची यांच्या ‘कोडस्पेल’ या साधनाचें तत्त्व हेंच होय. मार्च २०११ मध्यें त्यांनीं तें लिनक्सच्या सबंध संहितेवर चालविलें, निघालेल्या दुरुस्त्या स्वतः डोळ्यांखालून घातल्या, आणि एकाच ठिगळांत दोन हजारांहून अधिक फायलींतील चार हजारांहून अधिक ओळी शुद्ध केल्या. पुढें २०१४ च्या सुमारास अशीच एक यादी लिनक्सच्या संहितेबरोबरच ठेवण्यांत आली. तिचा आरंभ डेबियन या संस्थेच्या तपासनिसाच्या यादीवरून झाला. डावीकडे चूक, मध्यें दोन उभ्या रेघा, उजवीकडे शुद्ध रूप, अशी तिची मांडणी आहे. नवें ठिगळ पाठविण्यापूर्वीं तपासणी केली कीं ही यादी पाहून यंत्रच पाठविणाऱ्यास सुचवितें, हा शब्द कदाचित् चुकला असावा.

‘कदाचित्’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. चोरांच्या वहींत सज्जनाचा वेष घेतलेला चोर सांपडत नाहीं. ‘पुडकें पुनः पाठवूं नये’ असें सांगणाऱ्या टिपणांत ‘नॉट’ या शब्दाचें शेवटचें अक्षर चुकून ‘नाऊ’ असें झालें, तर ‘नये’ च्या ठिकाणीं ‘आतां’ येऊन अर्थ थेट उलटा होईल. आणि दोन्हीं शब्द कोशांत असल्यामुळें कोणताही तपासनीस हूं कीं चूं करणार नाहीं. हा खरा ‘ध चा मा’. यंत्र त्यानें फसणार नाहीं, परंतु उद्यां तें टिपण प्रमाण मानून कोणी संहिताच बदलली तर यंत्रही फसेल. असली चूक सांपडावयाची तर ओळ वाचावी लागते, तिच्याखालील संहिता समजून घ्यावी लागते, आणि दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं तें पाहावें लागतें. मुद्रितें तपासण्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस हें नवें नाहीं. खिळे पाहणारा निराळा आणि अर्थ पाहणारा निराळा.

आतां विरुद्ध पक्ष काय म्हणतो तें ऐकलें पाहिजे. कारण त्याचें म्हणणें पोकळ नाहीं. पहिला आक्षेप श्रमाचा. प्रत्येक ठिगळ कोणीतरी वाचून स्वीकारावें लागतें, आणि असे जाणते परीक्षक थोडे असतात. २०२० च्या ऑक्टोबरांत एका वार्षिक उपक्रमांत, चार सुधारणा पाठविणाऱ्यास सदरा बक्षीस, अशी योजना होती. तेव्हां सदऱ्याच्या लोभानें इतक्या निरर्थक दुरुस्त्यांचा पाऊस पडला कीं चालकांस महिन्याच्या आरंभींच नियम बदलावे लागले. दुसरा आक्षेप इतिहासाचा. टिपणांतील अक्षर सुधारलें कीं गिटच्या नोंदींत त्या ओळीपुढें मूळ लेखकाऐवजीं सुधारकाचें नांव येतें, आणि ओळीचा खरा कर्ता शोधणाऱ्यास एक पायरी जास्त चढावी लागते. असले बदल वगळून इतिहास दाखविण्याची सोय गिटमध्यें २०१९ मध्यें झाली, हें खरें. पण ती मुद्दाम वापरावी लागते. तिसरा आक्षेप जुन्या आवृत्त्यांचा. नव्या संहितेंतील एखादा गंभीर दोष काढणारें ठिगळ जुन्या आवृत्तीस लावावयाचें असतें, तेव्हां आजूबाजूच्या ओळी दोन्हींकडे सारख्या असाव्या लागतात; मध्यंतरीं कोणी टिपण सुधारलें असेल तर तें ठिगळ नीट बसत नाहीं. चौथा आक्षेप विश्वासाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनांत टोपणनांवानें वावरणाऱ्या एका इसमानें सुमारें दोन वर्षें उपयुक्त कामें करून विश्वास संपादन केला, आणि मग गुप्त दार बसविलें. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड यांच्या चौकसपणामुळें तें उघडकीस आलें. त्याच्या कारस्थानांत एका ठिकाणीं केवळ एक टिंब घालून संरक्षणाची एक योजना निकामी केलेली आढळली. तेव्हां, बदल बारीक आहे म्हणून डोळे मिटून स्वीकारावा, असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं.

या सर्व आक्षेपांचा विचार लिनक्सच्या जालविभागाच्या चालकांनीं केलेला आहे, आणि त्यांचा निर्णय आम्हांस फार बोधप्रद वाटतो. ठिगळें कशीं पाठवावीं याविषयीं त्यांचे लेखी नियम आहेत. २०२४ मध्यें त्यांत साफसफाईच्या ठिगळांविषयीं एक कलम घालण्यांत आलें. दुसऱ्या कोणत्या कामाच्या अनुषंगानें नसलेली नुसती टापटीप, म्हणजे ओळींची मांडणी किंवा नांवांचा क्रम बदलण्यासारखे उद्योग, यांस उत्तेजन देऊं नये, कारण त्यांपासून होणारा लाभ त्यांच्या उपद्रवाहून कमी असतो, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु लगेच पुढें असें म्हटलें आहे कीं, स्पेलिंग आणि व्याकरण यांच्या दुरुस्त्यांस मात्र ही मनाई लागू नाहीं. वाचकांनीं हा विवेक लक्षांत घ्यावा. मांडणी ही बव्हंशीं आवडीनिवडीची बाब आहे, आणि तिच्यांत एकाची टापटीप ती दुसऱ्याची अडगळ. शब्दाची शुद्धि ही आवडीची बाब नव्हे. ती वाचणाऱ्याच्या हक्काची बाब आहे.

आमच्या मतें हा निर्णय योग्य आहे, आणि त्याचीं कारणें त्या नियमांत आहेत त्याहून खोल आहेत. एक व्यावहारिक कारण असें कीं, लक्षावधि ओळींच्या संहितेंत माणूस हवी ती जागा शब्द टाकून शोधतो. टिपणांतील शब्दच चुकलेला असेल तर ती जागा शोधणाऱ्यास सांपडत नाहीं, आणि टिपण असून नसल्यासारखें होतें. दुसरें असें कीं, ज्याचें इंग्रजी शाळेंत शिकलेलें आहे अशा वाचकास अनोळखी शब्द कोशांत पाहण्यावांचून उपाय नसतो. अशुद्ध शब्द कोशांत नसतो. आणि मग हा विद्वान् वाचक आपलेंच अज्ञान समजून खजील होतो. पुण्यामुंबईकडील, नागपूरकडील जे तरुण या विद्येंत शिरले आहेत त्यांस हा अनुभव परका नाहीं. जन्मजात इंग्रजी बोलणारा अशा चुकीवरून सहज घसरून पुढें जातो. ठेंच लागते ती परभाषिकास.

पोस्टेल यांनीं संपादिलेल्या टीसीपीच्या १९८० मधील पत्रकांत जाळ्याचें एक प्रसिद्ध तत्त्व नमूद आहे: स्वतः पाठवितांना काटेकोर असावें, आणि दुसऱ्याचें घेतांना उदार असावें. तें तत्त्व यंत्रांसाठीं सांगितलें होतें. पण टिपणांच्या बाबतींत घेणारा माणूस आहे, आणि तो तर निसर्गतःच उदार असतो. अक्षर चुकलें तरी तो अर्थ जुळवून घेतो. त्याच्या या औदार्यामुळेंच लिहिणाऱ्यावरील जबाबदारी वाढते. यंत्र चुकीबद्दल तत्काळ शासन करितें म्हणून त्याच्यापुढें आपण नीट वागतों. माणूस सांभाळून घेतो म्हणून त्याच्यापुढें हवें तसें वागावें, हें कांहीं सभ्यतेचें लक्षण नव्हे.

सुधारणाऱ्यानेंही कांहीं मर्यादा पाळल्या पाहिजेत, हें वर सांगितलेल्या आक्षेपांवरून उघड आहे. बक्षिसासाठीं वा नांवासाठीं दुरुस्ती करूं नये. यंत्रानें दाखविलेली प्रत्येक जागा स्वतः वाचून पाहावी. आणि जो शब्द यंत्रांच्या बोलण्यांतील आहे तो अशुद्ध असला तरी त्यास हात लावूं नये. इतकें पाळून जो एखाद्या फाइलींतील अक्षर सुधारतो, त्यानें ती फाइल वाचलेली असते. आणि जी संहिता कोट्यवधि लोकांचें दळणवळण रात्रंदिवस वाहते ती कोणीतरी डोळ्यांनीं वाचीत आहे, हीच मुळांत मोठ्या मोलाची गोष्ट आहे. अनेकांचा या विद्येंतील प्रवेशही याच लहान दारांतून झाला आहे: आज टिपणांतील अक्षर, उद्यां त्याखालची ओळ, परवां त्या ओळींतील दोष. ‘रेफरर’ या शब्दांतील हरवलेलें अक्षर आतां परत येणार नाहीं. तें गेलें त्या वेळीं तो मजकूर एकदां जास्त वाचणारा कोणी भेटला असता, तर पुढच्या पत्रकांत त्या शब्दामागें चुकीची खूण लावण्याची वेळ आली नसती.